धवलचा वाटा

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

याच वर्षी, सात एप्रिल, सोमवार. वेळ सव्वादोन. वडूजहून म्हसवडकडं जाताना डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर आत एक वस्ती आहे, तिथली. वस्तीचं नाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

आणि ही कुणाच्या मेहुण्याच्या मित्राला घडलेली गोष्ट नाही. मी स्वतः तिथं होतो. पाना माझ्याच हातात होता.

मी नानासो. वडूजला माझं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. भूतखेत मी कधी मानलं नाही. बायको, संयोगिता, दर शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधायची आणि मी ते लिंबू सोडून सरबत करून प्यायचो. असा माणूस मी.

आता नाही पीत.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाही ठेवलात तर तुम्ही सुखी आहात.

त्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज होता.

"दादा, आमचा फ्रीज लय गार करतोय."

मला हसूच आलं. एप्रिलात आमच्या माणदेशात लोक फोन करतात ते फ्रीज गार करत नाही म्हणून. मी म्हटलं, "मग चांगलंच की वहिनी! नको असंल तर आमच्या घरी पाठवून द्या."

पलीकडून हसणं आलं नाही.

"इन्शुलिन गोठतंय दादा. माझ्या पोरीचं हाय. दोन बाटल्या गेल्या."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

बाईचं नाव क्रांती. तिची मुलगी अंकिता, आठ वर्षांची. जन्मापासून नव्हे, पण सहाव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार. दिवसातून चार वेळा सुई. इन्शुलिन गरम झालं तर बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण एकदा गोठलं तरी ते पाण्यासारखंच बिनकामाचं होतं, हे क्रांतीला उशिरा कळलं. गोठून वितळलेलं इन्शुलिन तिनं दोन दिवस पोरीला टोचलं. तिसऱ्या दिवशी पोरगी बेशुद्ध. साखर पाचशेच्या वर. दवाखान्यातून आणली तेव्हा घरात एकच बाटली उरली होती, ती तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवली होती. बाहेर एक्केचाळीस डिग्री. मडकं किती दिवस पुरणार? आणि वस्तीवर दुसरा फ्रीज नव्हता.

"आजच या दादा. पाया पडते."

मी गाडीला किक मारली.

घर साधंच, पत्र्याचं, पुढं कडुनिंब. निंबाखाली बाजेवर एक म्हातारे गृहस्थ पडले होते. क्रांतीचे सासरे, नाथाजी. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या पेटीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

अंकिता दारातच बसली होती. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. मला म्हणाली, "आमच्या फ्रीजात बर्फाचा टोमॅटो हाय. बघायचा?"

फ्रीज एका दाराचा, जुना पण जपलेला. दार उघडलं आणि गारव्याचा असा झोत आला की मी मागं सरकलो. टोमॅटो खरंच दगड झाले होते. दुधाची पिशवी वीट. कोथिंबीर हातात घेतली तर काचेसारखी मोडली.

मी आधी बटण बघितलं. गार कमी-जास्त करायचं गोल बटण असतं ना, एक ते सात आकडे असलेलं.

सातवर होतं.

"आवं वहिनी! सगळ्यात जास्त करून ठेवलंय. गोठंल न्हाई तर काय होईल?" मी ते दोनवर आणलं. मनात म्हटलं, चला, पेट्रोल फुकट गेलं.

क्रांती शांतपणे म्हणाली, "मी रोज दोनवर करते दादा. सकाळी सातवर असतंय."

"पोरगी खेळत असंल."

"ती रातभर माझ्या कुशीत असती दादा."

मी बाहेर निंबाकडं नुसतं बघितलं. क्रांती समजली. "तात्या न्हाईत करत. त्यांनी शपथ घेतलीया पोरीची."

वरचा फ्रीजर उघडायला गेलो तर दार निघेना. बर्फानं घट्ट धरलेलं. ओढून काढलं. आत काय असावं?

पिशव्या. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, एकीवर एक कोंबलेल्या, वीस-बावीस तरी. प्रत्येकीचं तोंड दोऱ्यानं बांधलेलं. लाल दोरा, पिवळा, हिरवा, काळा.

आता लोक फ्रीजमध्ये काय काय ठेवतात हे मला विचारू नका. चपला सोडून सगळं बघितलंय. पण हे वेगळं होतं. मी विचारलं, "हे काय?"

"धवलचा वाटा," क्रांती म्हणाली.

धवल म्हणजे वीरधवल, तिचा नवरा. फौजेत, लांब उत्तरेकडं. वर्षातून एकदा रजा, ती पण कधी दिवाळीला नाही की जत्रेला नाही. म्हणून त्याची आई, मनुबाई, घरात काही गोडधोड झालं की पहिला वाटा त्याचा काढून ठेवायची. पुरणपोळी, दिवाळीचे लाडू, हुरड्याची भजी, आमरस. लिहिता येत नव्हतं, म्हणून सणाला दोरा ठरवलेला. पिवळा होळीचा, लाल दिवाळीचा, असं. तो रजेवर आला की म्हातारी एकेक पिशवी सोडायची आणि लेकाला समोर बसवून त्याचं सगळं वर्ष खायला घालायची.

आमच्या भागात फौजेतल्या पोराच्या घरी हे थोडंफार चालतंच. माझ्या मावशीनं एकदा मुलासाठी जत्रेचं मटण चार महिने ठेवलं होतं. बिचाऱ्यानं खाल्लंही.

"आत्याबाईच बटण सातवर करायच्या," क्रांती म्हणाली. "मी कमी केलं की वरडायच्या. धवलचं नासंल म्हणायच्या."

"मग त्यांनाच सांगा की. कुठं हायत त्या?"

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं.

"फेब्रुवारीत गेल्या."

छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. वीरधवलला येता आलं नाही. बर्फानं रस्ता बंद होता. त्यानं आईचं सरण फोनवर बघितलं, व्हिडिओवर.

मला वाईट वाटलं. पण मी मिस्त्री माणूस. वाईट वाटून फ्रीज दुरुस्त होत नाही. मी मागची पट्टी खोलली, मीटर लावला आणि दोन मिनिटांत दोष सापडला. गारवा पुरेसा झाला की मशीन बंद करणारा थर्मोस्टॅट असतो, त्याचे आतले पॉइंट चिकटले होते. म्हणजे मशीन थांबायचंच नाही, चोवीस तास चालू.

"सापडलं!" मी म्हटलं. क्रांतीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रक्त आलं.

पेटीत नवीन होता, बसवला. बटण दोनवर. क्रांतीनं चहा ठेवला आणि म्हणाली, "तासभर थांबा दादा. मशीन बंद झालेलं बघून जावा."

थांबलो.

चाळीस मिनिटांनी मशीन बंद झालं. एकदम. घरात जी घुंई भरून राहिली होती ती गेली, आणि तेव्हा कळलं की किती शांतता आहे. निंबावरचा कावळा गप्प. कोंबड्या गप्प.

क्रांतीनं डोळे पुसले. मी कप खाली ठेवला.

आणि मग...

टक.

टक. टक. टक. टक.

पाच वेळा. मी बावीस वर्षं हा आवाज ऐकतोय. बटण एकेक घर पुढं सरकतानाचा आवाज आहे तो.

मी फ्रीजचं दार उघडलं.

सातवर.

क्रांती माझ्या शेजारी उभी होती. पोरगी दारात. तात्या निंबाखाली. फ्रीजजवळ कुणी नव्हतं.

बटण ढिलं असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं. ढिलं बटण आपोआप खाली येईल, वर कसं चढेल, हे मला कळत होतं. पण क्रांतीला नाही, मी ते स्वतःलाच सांगत होतो. मी बटण उपसून काढलं आणि खिशात टाकलं. मग सरळ प्लगच काढला.

"आधी सगळा बर्फ वितळू दे," म्हटलं. "मग बघू."

दोन्ही दारं उघडी टाकली. खाली परात ठेवली, पाणी पडेल म्हणून. बाहेर एक्केचाळीस, पत्र्याखाली त्याहून जास्त. माझा सदरा पाठीला चिकटलेला. असा बर्फ वीस मिनिटांत सुटतो. ढेपाच्या ढेपा पडतात.

दहा मिनिटं झाली.

वीस झाली.

परात कोरडी.

एक थेंब नाही. मी बोट फिरवून बघितलं. परातीत धूळ होती.

मग मी फ्रीजरकडं बघितलं. मघाशी दिसत होता तो आतला हिरवा दोरा आता दिसत नव्हता. त्याच्यावर बर्फ चढला होता. प्लग माझ्या पायाशी पडलेला. मशीन मुकं. आणि बर्फ वाढत होता.

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी दुकानातल्या नवीन पोरांना हसून सांगायचो. त्या दिवशी ते माझ्यावरच उलटलं. थर्मोस्टॅटचा काही संबंध नव्हता.

"वहिनी," मी म्हटलं, "ह्या पिशव्या आधी भायेर काढा."

घमेलं आणलं. उलथन्यानं खरवडून मी एकेक पिशवी काढत गेलो, ती घमेल्यात ठेवत गेली. एका पिशवीचा पिवळा दोरा सुटून खाली पडला. मी तो उचलून खिडकीत ठेवला. शेवटची पिशवी काढून वळलो, तर क्रांती खिडकीकडं बघत होती.

खिडकीत दोरा नव्हता.

घमेल्यातल्या त्या पिशवीचं तोंड बांधलेलं होतं. पिवळ्या दोऱ्यानं.

"तुमी बांधलं?" मी विचारलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. हळूच म्हणाली, "ही आत्याबाईची गाठ हाय. त्या डावऱ्या होत्या. त्यांची गाठ उलटी पडायची."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"ठेव ते म्हागारी!"

तात्या. बाजेवरनं उठून आले होते, भिंतीला धरून. घमेल्याकडं बोट दाखवत होते. "ठेव म्हंतो न्हवं! धवलचा वाटा हाय त्यो. त्याला हात लावायचा न्हाई."

आणि क्रांती फुटली.

दोन महिन्यांचं साठलेलं होतं ते. "ह्या वाट्यापायी माझी पोरगी मरंल तात्या! म्या दवाखान्यात तिला हाका मारत हुते, ती डोळं उघडत नव्हती. तुमी बघितलंय. आजून किती दिस ठिवायचं? आत्याबाई न्हाईत आता. टाकून द्या म्हंते तर तुमी ऐकत न्हाई!"

म्हातारा एकदम खाली बसला. उंबऱ्यावरच.

"मला काय पोरीचं न्हाई व्हय?" तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "पर मनूनं नावानं काढलेला वाटा हाय. त्यो दुसऱ्यानं खायाचा न्हाई. टाकायचा बी न्हाई. ज्याचा त्यानंच खायाचा. आमच्यात तसंच हाय, माझ्या आज्यापासनं."

दोघंही रडत होते. अंकिता दारात उभी राहून एकदा आईकडं, एकदा आजोबाकडं बघत होती.

आणि इथं मी तोंड उघडलं.

उघडायला नको होतं. मी फ्रीजवाला. माझा काय संबंध? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या पोरीचे हात बघितले, सुयांनी काळेनिळे झालेले, आणि राहवलं नाही.

मी म्हटलं, "तात्या, वाटा धवलचा हाय ना? मग धवललाच विचारा. त्यानं आपला वाटा पोरीला दिला तर? मग तर कुणाची हरकत न्हाई?"

तात्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "वाटा देता येतो. ज्याचा त्यो दिऊ शकतो." जरा थांबले. "पर दिला की दिला. परत घेता येत न्हाई."

ते वाक्य मी ऐकलं होतं. शपथेवर सांगतो, ऐकलं होतं. पण तेव्हा मला ते साधं वाटलं.

वस्तीवर रेंज फक्त गोठ्यापाशी. क्रांतीनं तिथून नवऱ्याला व्हिडिओ लावला, नशिबानं लागला. तिनं सगळं सांगितलं. वीरधवल आधी चिडला, मग म्हणाला, "अंकीपेक्षा मोठं काय हाय? सांगतो मी आईला. मला आत घेऊन चल."

आत रेंज तुटायची. क्रांतीनं फोन हातात धरून फ्रीजरच्या तोंडाशी नेला. चित्र अडकत होतं, पण आवाज आला.

"आई... मी धवल बोलतोय." मोठा गडी, पण लहान पोरासारखा बोलत होता. "माझा वाटा अंकीला दे. आजपासनं सगळा तिचा."

आम्ही सगळे फ्रीजरकडं बघत उभे होतो.

फोनची काच धुकटली. हळूहळू, खालून वर, जशी कुणी तोंडाची वाफ सोडावी तशी.

फोनमधून वीरधवल म्हणाला, "क्रांती, अंधार का झाला? हात ठेवलास का कॅमेऱ्यावर?"

क्रांतीचे दोन्ही हात फोनच्या मागच्या कडेला होते. मला दिसत होते.

"क्रांती? कुणाचा हात हाय..."

फोन कट झाला.

तात्यांनी घमेल्यातली पिवळ्या दोऱ्याची पिशवी उचलली. गेल्या वर्षीच्या होळीचं पुरण होतं. "आता पोरीनं चाखलं पायजे," ते म्हणाले. "नखभर का हुईना. तवाच वाटा तिचा झाला."

क्रांती घाबरली. साखरेच्या पोरीला पुरण! पण नखभरच. तिनं बोटाला टोचून आधी साखर तपासली, मग चमच्याच्या टोकानं खरवडून, नखाएवढं, पोरीच्या जिभेवर ठेवलं.

अंकितानं डोळे मिटले. मग खुदकन हसली. "लय गार हाय गं आई!"

टप.

सगळ्यांनी वळून बघितलं. परातीत एक थेंब.

टप... टप टप...

आणि मग बर्फ सुटला. नुसता सुटला नाही, कोसळला. परात भरली, फरशीवर पाणी, उंबऱ्यापर्यंत पाणी. अंकिता त्यात थयथय नाचली. क्रांती हसत होती आणि रडत होती, तात्या हात जोडून उभे होते. मीही हसलो. माझं काळीज हलकं झालं होतं. आपण कुणाच्या तरी पोरीचा जीव वाचवला असं वाटलं, आणि ते वाटणं किती गोड असतं ते मी सांगायला नको.

"वाटा पोरीनं चाखला, आता चालतंय," म्हणत बाकीच्या पिशव्या तात्यांनी शेतात पुरल्या. मी बटण बसवलं, दोनवर ठेवलं, प्लग लावला. संध्याकाळी पाचला निघालो तेव्हा दूध गार होतं आणि पातळ होतं. मजुरी घ्यायला जीव धजला नाही.

घरी येऊन संयोगिताला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं केलंत." मलाही तसंच वाटलं. पंधरा दिवसांनी मी फोन केला. फ्रीज झकास, इन्शुलिन झकास, साखर ताब्यात, डॉक्टर खूश.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

जूनच्या शेवटी क्रांतीचा फोन आला.

"काय वहिनी, परत गोठतंय का काय?"

"न्हाई दादा. फ्रीज चांगला हाय. फ्रीजसाठी न्हाई केला फोन." ती थांबली. "पोरगी गार लागती."

मला कळलं नाही. म्हणजे, कळलं. पण कळून घ्यायचं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा जाणवलं. हात गार. वाटलं, पाण्यात खेळली असेल. मग पाय गार. मग कपाळ. बेचाळीस डिग्रीत पोरीला घाम नाही. उन्हात बसायची, पण तापायची नाही. दुखत मात्र काही नव्हतं. जेवण व्यवस्थित, खेळणं व्यवस्थित, साखर तर कधी नव्हे इतकी चांगली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, तर पोरं तिच्या शेजारी बसायला भांडू लागली. तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. गार वाटतं म्हणून.

मे महिन्यात वीरधवल रजेवर आला. पोरीला पोटाशी धरलं आणि दचकून सोडलं. दुसऱ्या दिवशी तो फ्रीजपुढं मांडी घालून बसला आणि तासभर आईला विनवत होता. वाटा परत मला दे, म्हणत होता. पण फ्रीज आता नुसता फ्रीज होता. आत कुणी ऐकणारं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"थर्मामीटर खराब हाय म्हंतात. काखेत घातलं की आकडाच येत न्हाई, नुसतं कमी-कमी असं दाखवतंय. दुसरं आणलं, तिसरं आणलं. तेच." मग तिचा आवाज बारीक झाला. "दादा, माणसाचं थर्मामीटर चालत न्हाई. तुमच्याकडं फ्रीजचं असतंय न्हवं?"

मी फ्रीजचं थर्मामीटर काढून पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. जायलाच हवं होतं. निंबाखाली तात्या बसले होते, चांगले टवटवीत. म्हणाले, "मनूनं जपलंय बघा पोरीला. कसं राखून ठिवलंय." त्यांना आनंद झालेला दिसत होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

अंकिता अंगाला भरली होती. मला ओळखलं, हसली. फ्रीजच्या थर्मामीटरला वायर आणि तिच्या टोकाला बारीक कांडी असते, ती मी तिच्या मुठीत दिली. तिला गुदगुल्या झाल्या. तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. मी आयुष्यभर बर्फात हात घालतोय, पण तो हात मी झटकून मागं घेतला. पोरीनं ते बघितलं. तिचं हसू जरा कमी झालं. त्याची मला अजून लाज वाटते.

आकडा उतरत उतरत सव्वीसवर थांबला.

जिवंत माणसाचं अंग सदतीस असतं.

क्रांती आकड्याकडं बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. गिऱ्हाईक बघतं ना, मशीन खोललं की, तसं. "हुईल न्हवं नीट?" तिनं विचारलं.

आणि मला काहीच कळत नसताना बावीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला जे सांगत आलो, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"काही न्हाई वहिनी. दोन दिवस बघू."

थर्मामीटर तिथंच ठेवून आलो. वाटा द्या, हे मीच सुचवलं होतं. तिनं त्याबद्दल मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज दुपारी माझ्या फोनवर एक फोटो येतो. पोरीची मूठ, त्यात वायर, शेजारी आकडा. सव्वीस. पंचवीस. परवा एकोणीस. मी दुकानात असलो तर हातातलं काम खाली ठेवतो. संयोगिता हल्ली माझा फोन उलटा करून ठेवते, पण मला तो आल्याचं कळतं.

आजही आला. अठरा. पोरगी फोटोत हसतीय, नव्या दप्तरासकट.

खाली क्रांतीनं लिहिलंय, "दादा, आजून किती दिवस बघायचं?"

तास झाला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.